मदत हवी आहे: बायका ११०० कॅलरीच खातात आणि वजन ६८ किलो, हे कसं?

वाटीचमचा
एमएस्सी न्यूट्रिशन, दुसरं वर्ष, पुणे. प्रबंधासाठी वस्तीतल्या ४२ बायकांच्या २४ तासांच्या आहाराच्या नोंदी घेतल्या. भर पावसात, पाठीवर वजनकाटा घेऊन. सरासरी येतेय ११०० कॅलरी आणि वजनाची सरासरी ६८ किलो. गाइड म्हणतात, न पटणारे आकडे काढून टाक. काढले तर १७ बायका उरतात. बुधवारी प्रेझेंटेशन आहे. या बायका खोटं बोलतात असं मला लिहायचं नाहीये. काय करू? लवकर सांगा.

सदाशिव६२
वय? उंची? किती दिवसांची नोंद? अर्धीच माहिती दिलीत तर कोण काय सांगणार?

दोनदाजेवण
कॅलरी मोजणंच चूक आहे. दीक्षित सर सांगतात तसं दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगा. माझे ११ किलो उतरले.

रानमेवा
अहो, तिला वजन उतरवायचं नाहीये. तिचे आकडे जुळत नाहीयेत.

दोनदाजेवण
आकडे जुळत नाहीत कारण पद्धतच चुकीची आहे, तेच सांगतोय.

वाटीचमचा
वय ३० ते ४५, उंची सरासरी १५२ सेंमी. प्रत्येकीची एकाच दिवसाची नोंद.

साताऱ्याचापरदेशी
मी अमेरिकेत याच विषयात पीएचडी करतोय. या वयाला, उंचीला, वजनाला नुसतं पडून राहायचं म्हटलं तरी साडेबाराशे-तेराशे कॅलरी लागतात. म्हणजे नोंदी कमी आल्यात हे नक्की. हे ताडून बघायची रीत गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच मांडली. पण म्हणून बायका काढून टाकू नकोस. त्यांना धरून आणि वगळून, दोन्ही आकडे दे. कमी सांगणं जगभर दिसतं, वजन जास्त असलेल्यांत अधिक. आणि एनआयएनचे (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते वापरतेयस ना? त्यात ५२८ पदार्थ आहेत, पण कच्चे. शिजलेल्या भाजीच्या वजनाला कच्च्याचे आकडे लावले असशील तर तिथेही घोळ आहे.

सदाशिव६२
मुळात नुसतं वजन बघून काय कळतं? पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मधला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो बघा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. कंबर मोजलीत का?

वजन८४
माझं वजन ८४ आहे, नाइट शिफ्ट असते. रात्री भात चालेल का?

माजघर
मुली, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वारी गेली होतीस?

वाटीचमचा
ऑगस्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी, बाकीचे दिवस प्रॅक्टिकल. त्याचा काय संबंध काकू?

माजघर
अगं, श्रावण! मंगळवारी विचारलंस म्हणजे सोमवारचं सांगणार, शुक्रवारी विचारलंस म्हणजे गुरुवारचं. दोन्ही उपासाचे वार. ‘काल काय खाल्लं?’ म्हटलं की बाई म्हणणार, उपास होता, काही नाही खाल्लं. खिचडी, दाण्याचा लाडू, रताळं, चार कप चहा हे आम्ही खाण्यात धरतच नाही. खोटं नाही ते, आमच्या लेखी खाणं म्हणजे जेवण. मी अंगणवाडीत २६ वर्षं काढली. ‘सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?’ असं विचार. पोरांच्या ताटातलं उरलेलं कोण संपवतं तेही विचार. आणि तेल चमच्याने विचारू नकोस. पिशवी किती दिवस पुरते आणि घरात खाणारी तोंडं किती, ते विचार.

साताऱ्याचापरदेशी
काकूंचं एकदम पटलं. आधी मध्ये न बोलता सगळं सांगू दे, मग विसरलेलं विचार, माप सगळ्यात शेवटी. आणि दुसऱ्या दिवसाची नोंद हवीच, तीही बिनउपासाच्या वाराची.

वाटीचमचा
आज शुक्रवार, मुद्दाम तिघींकडे जाऊन आले. पहिल्या ताई म्हणाल्या, ‘काल उपास, काही नाही.’ मग काकूंनी सांगितलं तसं विचारलं. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली: खिचडी दोनदा, केळं, चहा पाच वेळा, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. पोळीपाशी थांबून म्हणाल्या, ‘उपास मोडला म्हणून लिहू नका हं.’ वाटी मागितली तर त्यांनी दिली ती माझ्या मापाच्या वाटीच्या जवळपास दुप्पट होती. फक्त त्यांच्याच नोंदीत ९८० चे १६९० झाले. बुधवारपर्यंत जमतील तेवढ्या घरी परत जातेय, गाइडना दोन्ही नोंदी शेजारीशेजारी दाखवणार. काकू, एक वाटी साबुदाणा भिजल्यावर किती होतो, तुम्ही कधी मोजलंय?

माजघर
मोजला नाही कधी, अंदाजानेच भिजवते. आज रात्री मोजून घालते, सकाळी सांगते.