मनालीच्या बर्फात कुत्र्याच्या पंजांना काय लावायचं?

म्हापशेकार:
नमस्कार मंडळी. डिसेंबर एंडला फॅमिलीसकट मनालीला चाललोय, गाडीनेच, आणि इथे ब्रुनोला सांभाळायला कोणी नाही म्हणून तोही येतोय. पॉमेरेनियन मिक्स आहे, भरपूर केसाळ. जन्मापासून गोव्याबाहेर पडलेला नाही, पहाटे २० डिग्री झालं की याला थंडी वाजते नि चादरीत घुसतो. बायको म्हणते बूट घ्या, पोरगा म्हणतो व्हिडिओत तर कुत्रे तसेच बर्फात उड्या मारतात. पंजांना खरंच काय होतं का? सोलांगला बर्फात खेळवायचा विचार आहे.

मोरजीचो भाई:
बूट बीट कित्याक रे, मनालीतली रस्त्यावरची कुत्री काय बूट घालून फिरतात? पंजाची रचनाच तशी आहे, खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त अगदी शेजारशेजारच्या नसांतून वाहतं, त्यामुळे वर येणारं रक्त वाटेतच गरम होतं आणि पंजा सहजासहजी गोठत नाही. थोडं खोबरेल चोळ आणि बिनधास्त जा.

डिचोलीची सून:
भाई, नसांचं बरोबर आहे पण तिथली कुत्री तिथेच वाढलीत, अंगावर दाट लोकर असते, आणि ब्रुनो आयुष्यभर वाळूत नि फरशीवर चाललाय. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही कुल्लूला राहायचो, सोबत आमची स्पिट्झ होती, म्हणून सांगते. खरा त्रास गोठण्याआधी केसांचा होतो. बोटांच्या मधे जे लांब केस असतात त्यात बर्फ अडकून कडक गोळे होतात, चालताना ते खडे रुतल्यासारखे टोचतात, मग कुत्रं मधेच बसतं, पंजा चावत राहतं आणि आपल्याला वाटतं की दमलं. म्हणून निघायच्या आधी ग्रूमरकडून पंजाखालचे केस तळव्याच्या गादीच्या लेव्हलला कापून घ्या, अगदी मुळापासून नको. गोळे झालेच तर ओढून काढू नका, कोमट पाण्यात पाय बुडवा, आपोआप विरघळतात.

आणि खोबरेल साधारण २४ डिग्रीखाली थिजतं, तिथे बाटलीतून बाहेरच येणार नाही 😄 व्हॅसलिन न्या, फिरायला जायच्या आधी पातळ हात फिरवायचा. बाळाच्या रॅशची क्रीम घरात असते म्हणून लावू नका, बऱ्याच क्रीममधे झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्रं ते चाटणारच.

फोंड्याचो पात्रांव:
वरच्या ताईंशी सहमत. एक राहिलं, बर्फ पडतो तिथे रस्ता घसरू नये म्हणून मीठ टाकतात. त्याने गाद्या कोरड्या पडून भेगा जातात, आधीच भेग असेल तर भयंकर चुरचुरतं, आणि चाटून पोटात गेलं की उलट्या. त्यामुळे हॉटेलवर आल्याआल्या चारी पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या फटीतसुद्धा टॉवेलने कोरडं करा, ओलं राहिलं तर कातडी सोलवटते. माझं विचाराल तर बुटांपेक्षा हे दहापट महत्त्वाचं. रूममधे हीटर असेल तर त्याच्या अगदी पुढ्यात झोपू देऊ नका, कोरड्या हवेने भेगा वाढतात.

पार्किंगमधे गाड्यांखाली जे हिरवं-गुलाबी पाणी सांडलेलं असतं त्यात पाय पडू देऊ नका. अँटीफ्रीझ असतं, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते, चवीला गोड, आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडनी जाते. तसं काही चाटलं तर वाट न बघता थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे.

म्हापशेकार:
देव बरें करूं सगळ्यांचं! बाहेर किती वेळ ठेवू? आणि गोठतोय हे कळणार कसं, तो तर केसांचा गोळाच आहे.

डिचोलीची सून:
पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, सोलांग मनालीपेक्षा उंच आहे, वारा असला तर त्याहून कमी. पाय आळीपाळीने उचलायला लागला, कुडकुडला किंवा गाडीकडे ओढायला लागला की आत आणा, ‘अजून एक फोटो’ करत बसू नका. बोटं, कानाची टोकं आणि शेपटीचं टोक बघत राहा, कातडी फिकट किंवा राखाडी पडली, हाताला बर्फासारखी थंड नि कडक लागली तर हिमबाधा समजा. चोळायचं नाही, हेअर ड्रायर नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. कोमट पाण्यात पाय ठेवून नीट पुसायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं.

म्हापशेकार:
ओके ताई. मग बूट घेऊ की नको शेवटी? बायको विचारतेय 😅

फोंड्याचो पात्रांव:
घ्या, बर्फात तासभर काढणार असाल तर कामाला येतात, फक्त आत्ताच घ्या आणि घरात रोज थोडा वेळ घालून फिरवा. पहिल्यांदा तो घोड्यासारखे पाय वर उचलून चालेल, पोराला सांगा व्हिडिओ काढायला. पट्टा करकचून आवळू नका, रक्त अडलं तर पाय उलट जास्त गार पडतो, आणि रूममधे आलात की काढा, पंजांना घाम येतो. माप घेताना त्याला कागदावर उभं करा, वजन पडलं की पंजा पसरतो. पुढचे आणि मागचे वेगळे मोजा, पुढचे बहुतेक मोठे असतात.