फ्लॅट विकतेय, फ्रीहोल्डर (इमारतीचा आणि जमिनीचा मूळ मालक) वारलाय. कुणाला अनुभव आहे?

प्रेषक: मेधा (हॅरो)
मंडळी, घाईत लिहितेय. तळमजल्याचा फ्लॅट (तोच, जिथे आपल्या कार्यक्रमांच्या झांजा-टाळांची खोकी दोन वर्षं पडून होती) विकायला काढलाय. गिऱ्हाईक पक्कं आहे. त्याच्या सॉलिसिटरने (वकिलाने) काल एलपीई-१, म्हणजे भाडेपट्ट्याच्या फ्लॅटची माहिती देणारा फॉर्म, मागितला. तो भरायचा फ्रीहोल्डरने, आणि आमचे म्हातारेबुवा वारलेत. वरच्या मजल्यावरची बाई म्हणते २०१९ मध्ये, स्पेनला. लँड रजिस्ट्रीचा सात पौंडांचा उतारा काढला, त्यावर अजून त्यांचंच नाव. ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला ५० पौंड, सहा-सात वर्षांत कुणी मागितलेलं नाही. प्रोबेटच्या (मृत्युपत्रांच्या सरकारी नोंदींच्या) साइटवर आडनाव आणि २०१९ टाकून पाहिलं, काही निघालं नाही. लीज (भाडेपट्टा) १२५ वर्षांची, १९८२ पासूनची. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना. काय सांगू?

प्रेषक: नानाकाका (वेंब्ली)
मेधा, घाबरू नकोस. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बिल्डर पंधरा वर्षं बेपत्ता होता, जमीन त्याच्याच नावावर. शेवटी मोफा (महाराष्ट्रातला फ्लॅट-मालकीचा) कायद्याचं कलम ११ काढलं, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज केला आणि मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर. बिल्डरची सही लागलीच नाही. इथेही असंच काहीतरी असणार, इंग्रजांनीच तर आपल्याला कायदे शिकवले. तोवर बुवांच्या शेवटच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र टाक. कागद हातात असलेला बरा.

प्रेषक: शिरीष (स्लाव)
काका, थांबा! मेधाताई, पत्र अजिबात टाकू नका. अशा विक्रीत बहुतेक जण 'अ‍ॅबसेंट फ्रीहोल्डर इंडेम्निटी' नावाचा विमा काढतात. एकदाच हप्ता भरायचा, आणि उद्या कुणी वारस उगवून लीजच्या अटी मोडल्या म्हणून भांडायला आला तर खर्च विमा कंपनीचा. पण बहुतेक पॉलिसींत लिहून द्यावं लागतं की फ्रीहोल्डरशी किंवा त्याच्या माणसांशी याबाबत संपर्क केलेला नाही. पत्र गेलं की विमा गेला. गिऱ्हाईकाची बँक विमा चालवून घेते का, तेही बघा. यूके फायनान्सच्या लेंडर्स हँडबुकात प्रत्येक बँकेचं उत्तर वेगळं असतं, त्याच्या सॉलिसिटरला त्याच्याच बँकेचं पान उघडायला सांगा.

प्रेषक: मेधा
शिरीष, पत्र सोमवारीच गेलं. एक हर्टफर्डशरच्या जुन्या पत्त्यावर, एक स्पेनला. शिवाय वरच्या बाईने दारावर चिठ्ठी डकवलीय, "बुवांचे नातेवाईक कुणी असतील तर कळवा". नानाकाकांच्या आधीच केलं सगळं, त्यांना बोल लावू नका.

प्रेषक: रश्मी (कार्यक्रम समिती)
मोदकपात्रं तीनच जमलीत, पाच लागतील. हॉलची चावी कुणाकडे आहे तेही शनिवारपर्यंत कळवा. आणि ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे, प्रॉपर्टीच्या गप्पांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. मागच्या वर्षी पार्किंग परमिटवर ४३ मेल आल्या होत्या, विसरले नाही मी.

प्रेषक: अवधूत (एडिनबर्ग)
आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये फ्लॅट सरळ मालकीचाच असतो. ही भानगडच नाही. या इकडे.

प्रेषक: सुजाता (क्रॉयडन)
अवधूत, तिला फ्लॅट उचलून आणता येणार नाही.
मेधा, मी यातून गेलेय. विमा म्हणजे ठिगळ. त्याने लीजची वर्षं वाढत नाहीत आणि पुढच्या विक्रीत तोच प्रश्न पुन्हा येतो. आमचा मालक खरोखर बेपत्ता होता, तेव्हा १९९३ च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्याचं कलम ५० वापरलं. काउंटी कोर्टात दाखवायचं की आम्ही शोधशोध शोधला: माग काढणारी एजन्सी, जाहिरात, शेजारीपाजारी. कोर्टाने ते मानलं की वेस्टिंग ऑर्डर (मालकाविना नवी लीज देणारा हुकूम) निघते, किंमत ट्रायब्युनल ठरवतं, पैसे कोर्टात जमा करायचे आणि मालकाऐवजी कोर्टाने नेमलेला माणूस नव्या लीजवर सही करतो. उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर पडते, ग्राउंड रेंट शून्य. वेळ मात्र लागतो. आम्हाला चौदा महिने लागले आणि मधल्या काळात दोन गिऱ्हाइकं पळाली.
पण तुझा बुवा बेपत्ता नाही, वारलाय. हे वेगळं प्रकरण आहे. वारलेल्या माणसाचा एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) असेल तर कोर्ट पहिलं विचारेल, त्याला का नाही गाठलं? एक्झिक्युटरही नसेल, मृत्युपत्रही नसेल, तर कागदोपत्री मालमत्ता पब्लिक ट्रस्टी नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाते आणि नोटिशीची प्रत तिकडे द्यावी लागते. वारसच कुणी नसले तर बोना व्हॅकेन्शिया, म्हणजे थेट राजाची.

प्रेषक: शिरीष
सुजाता, ठिगळ म्हण, पण हजारो फ्लॅट त्या ठिगळावर विकले जातात. तुझी लीज ६८ वर्षांवर आली होती, तुला वाढवणं भागच होतं. मेधाताईंची १९८२ पासून १२५, म्हणजे २१०७ पर्यंत आहे. ८० च्या खाली जायला २०२७ उजाडेल, तोवर मॅरेज व्हॅल्यू (लीज वाढवल्याने वाढणाऱ्या किमतीतला मालकाचा वाटा) लागत नाही. शिवाय ३१ जानेवारी २०२५ पासून दोन वर्षं मालकी असण्याची अट गेलीय. मुदत वाढवायची असेल तर नवा मालक विकत घेतल्यावर लगेच अर्ज करू शकतो. हे कोर्टाचं लोढणं मेधाताईंनी गळ्यात का घ्यावं?

प्रेषक: सुजाता
पत्र गेलंय शिरीष! दारावर चिठ्ठी आहे! तुझा विमा कुठे राहिला? आता "संपर्क केलेला नाही" असं खोटं लिहून द्यायला सांगणार आहेस का?

प्रेषक: शिरीष
तसं मी म्हटलेलं नाही. खरं सांगून कोण पॉलिसी देतंय ते ब्रोकरला विचारावं, एवढंच.

प्रेषक: नानाकाका
मॅरेज व्हॅल्यूबद्दल आमच्या हिला विचारलं, ती म्हणाली ८० च्या खाली केव्हाच गेलीय.
मेधा, एक व्यवहाराचं सांगतो. ते ५० पौंड दरवर्षीचे बाजूला काढून ठेव. मागे फक्त सहा वर्षांचंच मागता येतं, म्हणजे ३०० पौंड. कुणाचं देणं ठेवू नये.

प्रेषक: सुजाता
काका, २००२ च्या लीजहोल्ड कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात मागणी आल्याशिवाय ग्राउंड रेंट देणं लागतच नाही.

प्रेषक: नानाकाका
देणं लागत नाही आणि देणं नाही यात फरक आहे. मी १९७८ पासून इथे घरं घेतोय-विकतोय. तुझं कलम बरोबरच असेल.

प्रेषक: अवधूत
इमारतीचा विमा कोण काढतंय सध्या? फ्रीहोल्डरच काढत असेल तर तो बुवांबरोबरच संपला असणार.

प्रेषक: मेधा
अवधूत, बरं विचारलंस. वरची बाई आणि मी २०२१ पासून एकत्र काढतो. तिच्या गॅलरीतला पाइप फुटून माझं छत भिजलं, तेव्हा अक्कल आली. त्याआधी दीड वर्ष विमाच नव्हता हे या सॉलिसिटरला अजून सांगितलेलं नाही.
सुजाताचं वाचून वरच्या बाईकडे पुन्हा गेले. 'साल नक्की का?' म्हटलं. तिने ड्रॉवरमधून शोकसभेचं कार्ड काढलं. २०१७! साइटवर २०१७ टाकलं तर मिनिटात निघालं: ग्रँट (प्रोबेटचा दाखला) आहे, एक्झिक्युटर आहे, पुतणी, लीड्सची. म्हणजे पब्लिक ट्रस्टीही नको आणि कलम ५० ही नको.

प्रेषक: शिरीष
आणि विमाही नको. अभिनंदन. पण गिऱ्हाईकाच्या सॉलिसिटरला आजच कळवा, "फ्रीहोल्डर मृत, एक्झिक्युटर सापडली, ती एलपीई-१ भरेल". नाहीतर तो तिकडे पॉलिसी विकत घेऊन बसेल.

प्रेषक: मेधा
तिच्याशी फोन झाला. तिला माहीतच नव्हतं की काकांच्या नावावर हे घरही आहे! मृत्युपत्रात फक्त 'उरलेलं सगळं' असं लिहिलंय. फॉर्म भरायला तयार आहे, फी विचारतेय. फ्रीहोल्ड विकायलाही तयार आहे. वरची बाई आणि मी घ्यायचं म्हणतोय, पण मी तर निघालेय.

प्रेषक: सुजाता
दोनच फ्लॅट आहेत ना? मग कायद्याच्या हक्काने घ्यायचं तर दोघींनाही सामील व्हावं लागेल. राजीखुशीने देत असेल तर प्रश्न नाही, तरी तिने तुम्हा दोघींना आधी विचारायला हवं, १९८७ चा घरमालक-भाडेकरू कायदा आहे. गिऱ्हाईकाला विचार, तुझ्या जागी तो येतो का.

प्रेषक: मेधा
विचारते. आणि काका, तिने शेवटी हळूच विचारलं: "ग्राउंड रेंट किती राहिलंय?"

प्रेषक: नानाकाका
३०० पौंड.

प्रेषक: सुजाता
नमुन्यात मागितलं तर.

प्रेषक: रश्मी
४३ च्या आत आहोत म्हणून गप्प बसलेय. चावी?

प्रेषक: मेधा
अगं, चावी माझ्याकडेच आहे. झांजांच्या खोक्यात.