दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं की मुलं गळतात. 14 ते 17 वयाच्या मुलांचा गट कसा चालवावा?

युवकसंघ_नगर
सर्वांना सलाम. आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), नगर जिल्ह्यातली. तरुण संघातल्या मुलांची जबाबदारी यंदा माझ्याकडे आहे. एकूण अकरा मुलं. दृढीकरणाचा वर्ग संपेपर्यंत नियमित येतात. बिशप साहेबांनी हात ठेवले, पहिलं प्रभुभोजन झालं, की पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर, आणि मग तिथेही दिसत नाहीत. प्रश्न विचारला की खाली बघतात, प्रार्थना कर म्हटलं की एकमेकांना कोपरं मारतात. दर आठवड्याला नेमकं काय घ्यावं? गणपतीच्या प्रसादासारखे विषय निघाले तर?

जुना_संडेस्कूलवाला
सलाम. आधी अकराचे दोन गट पाडा, नववी-दहावी वेगळी आणि अकरावी-बारावी वेगळी. ज्याचा आवाज आत्ता फुटतोय तो मिसरूड आलेल्या मुलांसमोर मोठ्याने वाचणार नाही.

दृढीकरणाच्या वर्गात मतांगिकार (विश्वासाची कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना पाठ झालेली असते. तेच पुन्हा घेतलं तर ‘हे झालंय की’ म्हणतील. सरळ मार्कचं शुभवर्तमान उघडा. 16 अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, आणि प्रसंग भराभर पुढे जातात. मात्र आठवड्याला एक अध्याय हा हिशेब फसतो, कारण एकट्या 14व्या अध्यायात 72 वचनं आहेत. एका बैठकीला एकच प्रसंग, 12 ते 20 वचनं, बस्स.

सव्वा तास ठेवा. पहिली पंधरा-वीस मिनिटं क्रिकेट, गप्पा, वडापाव. ती कापायचा मोह आवरा, उशिरा येणारे त्यातच सामावतात. मग उतारा दोनदा वाचायचा, एकदा तुम्ही, एकदा मुलांनी पात्रं वाटून घेऊन. नंतर पुस्तकं बंद करून विचारा: तिथे कोण कोण होतं? कोणाला राग आला? कोण गप्प राहिलं? ‘यातून आपण काय शिकतो’ हा प्रश्न काढूच नका. त्याचं उत्तर मुलांना पहिलीपासून पाठ आहे.

उदाहरणार्थ अध्याय 2, छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तो प्रसंग. बाज उचलणारे चौघे. विचारा, ‘तुझी बाज उचलायला कोण चौघे येतील? नावं सांग.’ काहींना दोनच सुचतात, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. प्रश्न टाकल्यावर मनात वीस आकडे मोजा. आपण थोडं गप्प राहिलो की सर स्वतःच उत्तर देतात, हे मुलांनी केव्हाच हेरलेलं असतं.

14:51-52 मधला वस्त्र टाकून उघडा पळालेला तरुण आला की हसतील. हसू द्या. तो हे शुभवर्तमान लिहिणारा मार्कच होता असं काहीजण मानतात, शास्त्रात तसं लिहिलेलं नाही. पण योहान मार्क प्रेषित पौलाला अर्ध्यावर सोडून गेला (प्रेषितांची कृत्ये 13:13), पुढे पौलाने त्याला बरोबर न्यायला नकार दिला (प्रेषित 15), आणि शेवटी त्यालाच घेऊन ये म्हणून तीमथ्याला लिहिलं (2 तीमथ्य 4:11). गळालेला मुलगा परत आला त्या दिवशी हे तीन उतारे घ्या, त्याच्याकडे न बघता.

प्रार्थना सुरुवातीला मागूच नका. पहिला महिनाभर स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, प्रत्येकाने एकेक वाचायचं. देवाला ‘कोठवर?’ असं विचारलेलं चालतं, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं. मग एका वाक्याची प्रार्थना.

वाचक_मराठवाडा
प्रसादाबद्दल. आधी पाळक साहेबांना मंडळीची भूमिका विचारून घ्या, नाहीतर मुलगा घरी एक सांगेल आणि रविवारी मंचावरून दुसरंच ऐकेल. मग 1 करिंथ 8 आणि 10 दोन्ही वाचा. 8:4 मध्ये मूर्ती काहीच नाही असं पौल म्हणतो, 10:21 मध्ये दोन मेजांवर बसता येत नाही असंही तोच म्हणतो. एकच वचन उचलून निकाल देऊ नका. मित्राच्या आईने हातावर ठेवलेला मोदक, आरतीला उभं राहणं आणि मंडळाची वर्गणी गोळा करणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळे सोडवायला लावा. नाही म्हणायची सवयही करून घ्या, मोठ्याने: ‘काकू, हे मी घेत नाही, पण चहा घेईन.’ मित्राच्या देवाची टिंगल मात्र गटात एकदाही चालू देऊ नका.

अकरावीच्या प्रवेशाच्या सुमारास आणखी एक प्रश्न येतो: ‘दाखल्यावर एक धर्म आणि चर्चमध्ये दुसरा, हा खोटेपणा नाही का?’ अशा वेळी त्याला 1950चा राष्ट्रपतींचा आदेश समजावून सांगा. अनुसूचित जातीचा दर्जा त्यात आधी हिंदूंपुरता होता, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. दाखल्याचा निर्णय आई-बापांचा आहे, त्याचं ओझं सोळा वर्षांच्या पोरावर टाकू नका, आणि भर गटात कोणाच्या घरचा कागद काढू नका.

दार_उघडं_ठेवा
वरचं सगळं ठीक, पण एक बाजू राहिली. एकट्या मुलाशी बोलायचं तर चर्चच्या आवारात, लोकांच्या नजरेसमोर. बैठकीला दोन मोठी माणसं हवीतच. रात्री खाजगी मेसेज नको, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक पालक ठेवा.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा 2012, कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हा कायदा मुलग्यांनाही लागू आहे. ‘मंडळीचं नाव जाईल, आपसांत मिटवू’ म्हणणारे वडीलधारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही. मुलांसाठी मदतीचा नंबर 1098. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416, आणि त्याच दिवशी घरी कळवायचं. नुसती प्रार्थना करून पाठवू नका.

अश्लील व्हिडिओंबद्दल गटात हात वर करायला लावणं, साक्ष द्यायला लावणं बंद. मुलं दुसऱ्याची साक्ष सोमवारी शाळेत नेतात. कोणी स्वतःहून बोललं तर तपशील उकरू नका. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, एवढ्यावर आधी या.

युवकसंघ_नगर
आभार. दहावी-बारावीच्या वर्षात काय करायचं? पालक पाठवत नाहीत.

जुना_संडेस्कूलवाला
बोर्ड आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) बहुतेक एकत्रच येतात, तेव्हा भांडू नका. जूनमध्ये सुरू करा, जानेवारीअखेर मार्क संपवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बैठक बंद, रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं चौकशी, एवढंच. परीक्षेच्या दिवशी उपवास धरू देऊ नका.

त्याच काळात कामं द्या, कारण कामाला अभ्यास लागत नाही: अर्पण गोळा करणं, साउंड, भजनाला ढोलकी. गुड फ्रायडेच्या सात उद्गारांचे (येशूचे वधस्तंभावरचे शब्द) शास्त्रपाठ सात मुलांना वाटून द्या. मात्र आधीच्या शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये माईक लावून प्रत्येकाकडून दोनदा वाचून घ्या. ‘एली, एली, लमा सबख्थनी’ला भल्याभल्यांची जीभ अडखळते, आणि भरल्या चर्चमध्ये एकदा फजिती झाली की तो मुलगा पुन्हा माईकसमोर येत नाही.