खळ्यातलं लग्न: कडबा, केळीचे खांब, पऱ्हाटी (कपाशीची झाडं) वापरून सजावट कशी करावी?

प्रश्न: शिवारवाट
तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरअखेर, चोपड्याजवळ शेतातल्या खळ्यात लग्न आहे. माणसं ३५०, गोरज मुहूर्त. पत्र्याची शेड ६० बाय २५ फूट, कडेला १२ फूट उंच, ८ लोखंडी खांब. पुढे मोकळं खळं. थर्माकोल, सॅटीन, प्लॅस्टिकची फुलं नकोत. शेतातलंच सामान वापरायचं आहे. काय टिकतं, किती लागतं, कुठे फसतं?

उत्तर: केळीपट्टा
ताई, आधी वेळ बघा. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सगळी सजावट चारपर्यंत उभी हवी. पण केळीची पानं दुपारच्या उन्हात माना टाकतात, वाऱ्याने फाटतात. तेव्हा खांब आदल्या संध्याकाळी तोडून आणा आणि लग्नाच्या दिवशी दुपारी तीननंतर उभे करा. तोडल्यावर चार-पाच तास तिरके ठेवून चीक निथळू द्या, कापलेल्या बुडाला ओलं गोणपाट बांधा. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. त्यामुळे बोहल्याला लागून खांब नकोतच, प्रवेशाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन पुरे. दीड फूट खड्डा, आत लोखंडी सळई, तिला खांब दोन ठिकाणी सुतळीने बांधायचा. नुसता मातीत रोवलेला खांब घडाच्या वजनाने कलतो.

कणसांचं म्हणाल तर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, तेव्हा शेतात हिरवीच असते. खरिपाची ज्वारी किंवा बाजरी घ्या. पावसात सापडून काळी पडलेली कणसं टाळा, हात लावला की काळी भुकटी उडते. चांगली निवडून ८-१० दिवस सावलीत उलटी टांगा, मग २०-२५ची जुडी बांधून प्रत्येक लोखंडी खांबाला डोक्याच्या वर लावा.

पऱ्हाटी फार सुंदर दिसते, पण पूर्ण उमललेल्या बोंडांच्याच फांद्या घ्या. हिरव्या कैऱ्यांत (न उमललेल्या बोंडांत) गुलाबी बोंडअळी असते, ती टेबलावर उतरते. लग्न झालं की त्या फांद्या जाळून टाका, खळ्यात साठवू नका. पुढच्या हंगामाची अळी तिथूनच येते.

झेंडूचा हिशेब: फूल फुलाला भिडवून ओवलं तर किलोला साधारण ३ मीटर माळ होते. शेडचा घेर ५२ मीटर, ८ खांबांना दोन-दोन सरळ माळा म्हणजे आणखी ५५-५८, प्रवेशाला १५. एकूण ४० ते ४२ किलो, वर दहा टक्के खराबी. ४५ किलो सांगा. मधे आंब्याची पानं ओवलीत तर बरीच फुलं वाचतात. ओला झेंडू पोत्यात दाबून भरला की आतून तापतो आणि काळा पडतो. टोपल्यांत उघडा ठेवा.

उत्तर: काळीमाती
सजावटीआधी जमीन. शेजारच्या शेताचं पाणी किमान ८-१० दिवस आधी बंद करायला सांगा. रात्री पाटाचं पाणी फुटून पार्किंगमध्ये शिरलं तर काळ्या मातीत गाड्या रुततात, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाहीत. पार्किंगला मुरमाची जागा निवडा. धूळ बसवायला काळ्या मातीवर ऐनवेळी टँकर फिरवू नका, चपलांना गोळे लागतात. खळं आठ दिवस आधी शेणाने सारवा, पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. गुरं त्याआधीच हलवा, गोठ्याला चुना मारा, नाहीतर गोचीड पाहुण्यांपर्यंत येते.

मंडपाच्या खुंट्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीत धरत नाहीत, दोर ढिला पडतो. तिथे २०० लिटरचे ड्रम पाण्याने भरून त्यांना दोर बांधा.

उत्तर: वायर-फ्यूज
कडबा, कापूस आणि गोणपाट एकत्र आले की ठिणगी पुरते. होमापासून कडबा किमान १५ फूट दूर. हॅलोजन अजिबात नको, तो तापतो. पिवळ्या एलईडी माळाच लावा. मशाली, पणत्या पऱ्हाटीजवळ नकोत. आग विझवायचे दोन ६ किलोचे एबीसी सिलिंडर, एक बोहल्याजवळ, एक स्वयंपाकाकडे. शिवाय पाण्याचा ड्रम आणि बादल्या.

शेतीपंपाच्या जोडणीवर मंडप चालवू नका. ती वीज पाळीने येते आणि या वापरासाठी नसतेही. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, सोबत जनरेटर. तुमचा लोड असा धरा: दिवे २ किलोवॅट, साउंड ३, पाण्याची २ एचपी मोटर दीड. साडेसहा झाले, पण मोटर सुरू होताना कितीतरी पट ओढते. म्हणून १५ केव्हीए, म्हणजे जवळपास १२ किलोवॅट. त्यापेक्षा लहान मागवलात तर मोटर सुरू होताना दिवे मिटमिटतील. जनरेटर ७० फूट दूर ठेवा. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दव पडतं आणि गवतातले जोड ओले होतात.

किड्यांसाठी: पांढरा प्रखर दिवा खळ्यापासून शंभरेक फुटांवर, जेवणाच्या विरुद्ध बाजूला लावा. तुडतुडे तिकडे जातात. ताटांवर मात्र पिवळा प्रकाश.

शिवारवाट
खूप आभार. पत्रा आतून दिसतो, तो झाकावा का? आणि बसायला कडब्याच्या पेंढ्या चालतील?

केळीपट्टा
पेंढ्यांवर बसवू नका. ज्वारीच्या पानांची कूस टोचते, जरीच्या साडीचे धागे ओढले जातात. बाज आणि वर गोधडी उत्तम. १२-१५ बाजा वयस्करांसाठी, बाकी खुर्च्या.

पत्रा सगळा झाकू नका, हवा कोंडते. बोहल्यावरचा १५ बाय १५चा भाग जुन्या सुती लुगड्यांनी, मधे झोळ देऊन झाका. पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटून टपकतं, तेव्हा लुगडी आणि झेंडू रात्रीच उतरवून घ्या.

काळीमाती
एक राहिलं. भरीत तिथेच भाजणार असाल तर पऱ्हाटीच्या काड्यांची भट्टी शेडच्या उतारवाऱ्याला, म्हणजे वारा शेडकडून जिकडे जातो त्या बाजूला, ४० फुटांवर ठेवा. वारा कुठून येतो ते आदल्या संध्याकाळी, मुहूर्ताच्याच वेळी पाहा. ३५० माणसांना ८० किलो वांगी धरा.