पक्षी, कासवं, डॉल्फिन बघायला गाईडबरोबर गेलात तेव्हाचे किस्से सांगा

मुठाकाठची
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून आईचा स्टीलचा थर्मास निघाला, एका बाजूने चांगलाच चेपलेला. लेक म्हणाली भंगारात देऊ. म्हटलं थांब, हा पोचा भिगवणचा आहे!

२००४ चा जानेवारी. बाबांच्या ऑफिसातल्या एका पक्षीवेड्या काकांनी वीसेक जणांना गोळा केलं होतं. पहाटे चारला डेक्कनवरून मिनीबस, सगळे कानटोप्यांत. बाबा सोलापूर रोडभर कुरकुरत होते, "बगळे बघायला शंभर किलोमीटर? म्हात्रे पुलावरून फुकट दिसतात." भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीत बसलो. वल्हवणारे मामा तिथलेच मासेमार. रोहित (फ्लेमिंगो) दिसल्याबरोबर माझा भाऊ ताडकन उभा राहिला, होडी कलली आणि आईच्या मांडीवरचा थर्मास लोखंडी काठावर आपटला. मामा ओरडले नाहीत. "बसा की दादा खाली. त्ये कुठं पळून चाललेत?" एवढंच.

मग त्यांनी वल्हं आत घेतलं आणि बांबू चिखलात रोवून होडी धरून ठेवली. समोर शंभर-दीडशे रोहित. माना खाली, चोची उलट्या करून पाण्यात, आणि पाय जागच्या जागी नाचवत चिखल ढवळतायत. लग्नाच्या पंगतीतून लांबून येतो तसा गलबला. बाबांनी हळूच विचारलं, "हे गुलाबी कसे?" काकांनी सांगितलं, शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन खाऊन रंग चढतो, पिल्लं करडीच असतात. बाबा परत येईपर्यंत कुरकुरले नाहीत, हा आमच्या घरातला विक्रम.

परतताना मामांनी बांबूनेच एका बाजूला दाखवलं. "आमचं जुनं गाव तिकडं खाली हाय." उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं हे मला तेव्हा कळलं. रोहित चरत होते ते कुणाचं तरी रान होतं.

तर सांगा तुमचेही. मी उरलेला माळा काढते.

टेकडीवाला
मी पयला! भिगवण म्हटलं की आधी चिलापी फ्राय, मग पक्षी. गाईडने अकराला "चला, चक्रवाक दाखवतो" म्हटलं तर आमचे अर्धे लोक थाळीवरून उठेनात. चक्रवाक बघायचा राहिला तो राहिलाच.

सुलूमावशी
कुकर लावून लिहितेय, शिट्टी झाली की पळणार.

कोकणात वेळासला गेलो होतो नणंदेच्या ग्रुपबरोबर, कासवं बघायला. स्वारगेटहून रात्रभर बस, मंडणगडच्या पुढे तर पोटातलं सगळं वर. घरगुती मुक्काम, जेवण फर्स्टक्लास, उकडीचे मोदक वगैरे. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर. राखणीची मुलं एकेका घरट्यावरची टोपली उचलून बघतात. आम्ही शंभर माणसं दोरीमागे श्वास धरून. टोपली उचलली. काही नाही. दुसरी. काही नाही. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या सकाळी परत तेच!! एका बाईंनी विचारलं, जरा उकरून बघता येणार नाही का? तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. त्यांना ठरवू दे." आमचे हे लगेच म्हणाले, हिच्यासारखीच आहेत, निघायच्या वेळेला तयार होत नाहीत.

बस महाडला पोचली तेव्हा फोन. आत्ता सदतीस पिल्लं निघाली. बसमध्ये जो काही शोक झाला...

शिट्टी.

खारूताई_सिंहगडरोड
सुलूमावशी, हसून हसून पुरेवाट =)) महाड!!

अर्धवट_पक्षीतज्ज्ञ
वेळासचं निघालंच आहे तर. तिथे कासवांचं काम सुरू झालं ते समुद्रगरुडामुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं २००२ च्या सुमाराला पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी मोजत फिरत होती, तेव्हा किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी सर्रास खाल्ली जायची. नंतर गावातलेच लोक राखणीला उभे राहिले.

आणि वाळू गरम असेल तर माद्या जास्त निघतात, गार असेल तर नर. अंड्यात काही ठरलेलं नसतं.

चिंतूनाना
@अर्धवट, मग पुण्याच्या मे महिन्यात सगळ्या मुलीच झाल्या असत्या. हलकेच घ्या.

गवताळ
ओडिशात २०२१ ला टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी २०२४ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची बाई थेट कोकणात. आमची कामवाली कोथरूडहून वारज्याला यायला तयार नाही.

मुठाकाठची
गवताळ =)))

अवांतर: थर्मासच्या झाकणाची रबरी रिंग पार वाळून गेलीये. कुठे मिळेल?

टेकडीवाला
बोहरी आळी. थर्मास घेऊनच जा, तोंडी माप सांगितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघून उसासा टाकेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल.

पाषाणभेद
कडू आठवण सांगतो. भिगवणच, पाच-सहा वर्षांपूर्वी. आम्ही चौघं, चौघांकडे मोठ्या लेन्सा. होडीवाला लांब थांबला होता, बरोब्बर अंतरावर. आमच्यातला एक म्हणाला, "थोडं आत घ्या, उडताना फोटो पाहिजे, वरचे पाचशे देतो." तो पोरगा दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने इंजिन चालू केलं. सगळा थवा उठला, पंखांखालचा तो लाल-काळा रंग, फोटो झकास आले. मग ते लांब पलीकडच्या काठाला जाऊन बसले आणि मागून येणाऱ्या शाळेच्या होडीतल्या पोरांना नुसते ठिपके दिसले. एक पोरगी "कुठेत? कुठेत?" करत होती.

पैसे मीच काढून दिले होते. तो फोटो मी कधी कुठे टाकला नाही.

खारूताई_सिंहगडरोड
प्रामाणिकपणाला _/\_

निवृत्त_नाना_नव्हे
होडीवाल्यांना शिव्या घालणारे बरेच ऐकलेत. गिऱ्हाईकच मागतं. त्याचं घर सीझनच्या चार महिन्यांवर चालतं, तो किती वेळा नाही म्हणेल? उडवायला लावणाऱ्याला तिथेच चिखलात उतरवावं.

चिंतूनाना
लेन्ससकट.

शकूआजी_औंध
मी सगळं वाचते पण लिहीत नाही सहसा. मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते तेव्हा त्याने मॉन्टेरीला देवमासे बघायला नेलं. मोठी बोट, वर एक मुलगी माइक घेऊन माहिती सांगत होती. तिथे किनाऱ्याजवळच समुद्राखाली फार खोल दरी आहे म्हणे, खालचं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर खाद्य, म्हणून देवमासे जवळ येतात. मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घट्ट धरून बसलेले. मध्येच ती ओरडली "इलेव्हन ओ क्लॉक! इलेव्हन ओ क्लॉक!" सगळे धावले. मी घड्याळ बघितलं, पावणेदहा. मनात म्हटलं अजून सवा तास आहे, कशाला धावायचं. बसून राहिले. नातू येऊन ओढायला लागला तेव्हा कळलं की बोटीचं नाक म्हणजे बारा धरायचे आणि त्यावरून दिशा.

तरी शेपूट दिसलं मला. शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून ती मुलगी ओळखत होती कोण ते. आणि एक जवळ येऊन श्वास सोडून गेला. वास! सुकटीचा डबा उन्हात उघडावा तसा. सूनबाईंनी नाक धरलं, मला माझं रत्नागिरीचं माहेर आठवलं.

टेकडीवाला
आजी, पावणेदहा =)) आज ऑफिसात एकटाच हसलो.

सुलूमावशी
आजी तुम्ही लिहीत जा हो.

(भात झाला. आमटीला फोडणी द्यायची राहिलीय.)

मालवणी_मसाला
तारकर्लीचे डॉल्फिन. पहाटे निघालो, समोर नुसतं पाणी. होडीवाले काका: "गप रवा रे, येतले." पुण्याची मंडळी गप राहतात होय? एक काका स्पीकरवर गाणी लावून बसलेले. शेवटी होडीवाल्याने इंजिन बंद करून सांगितलं, आधी ह्या बंद, मग डॉल्फिन. दहा मिनिटांनी करड्या रंगाची एक पाठ, त्यावर उंचवटा, आणि फुस्स असा आवाज. संपलं. स्पीकरवाले काका म्हणे, "टीव्हीत उड्या मारतात ते कुठेत?" आपल्या किनाऱ्याजवळचे कुबडवाले डॉल्फिन सर्कशीत नसतात काका!

तोवर माझा मुलगा उलटी करत होता. त्याला काहीच दिसलं नाही. आलेपाक घेऊन जा, कोणी जाणार असाल तर.

मुंबैकर_पुण्यात
होडी नको असा एक प्रकार: ओहोटीला किनाऱ्यावर चालायचं. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी नेतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब जातं तेव्हा. मी हाजीअलीजवळ गेलेलो, साध्या चपला घालून, पहिल्या पाच मिनिटांत शेवाळावर आडवा. उठलो तर नाकासमोर दगडावर हिरव्या बटणांची सतरंजी अंथरलेली. ते जिवंत प्राणी! बाजूला एक शंख पडलेला, उचलायला हात घातला तर चालायला लागला, आत खेकडा बिऱ्हाड करून. बरोबरची मुलगी सारखी बजावत होती, दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा, खाली कुणाचं तरी घर आहे. मागे गाड्यांचे हॉर्न. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं टॅक्सीने गेलोय.

निवृत्त_नाना_नव्हे
एवढं वाचल्यावर माझंही. ६८ व्या वर्षी सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत पक्षी बघायला गेलो. गाईड मुलगी माझ्या नातीएवढी. ती थांबायची, बोट वर करायची, "चष्मेवाला बोलतोय." (हा चिमुकला पक्षी.) सगळे माना डोलवायचे. मला शष्प ऐकू येत नव्हतं. मीही डोलवली. दोन-तीनदा असं झाल्यावर ती माझ्याजवळ आली, काही बोलली नाही, पुढच्या वेळी आवाज आला की माझ्या खांद्यावर बोटाने टिकटिक करायला लागली. जसा आवाज तशी टिकटिक. बारीक, भराभर, मग थांबून परत. स्वर्गीय नर्तक दिसला त्या दिवशी, लांब पांढरी शेपटी झाडातून रिबिनीसारखी गेली, पण मला ती टिकटिकच आठवते.

पुढच्या महिन्यात कानाचं मशीन घेतलं. बायको म्हणते पक्ष्यांसाठी घेतलंत, माझ्यासाठी पंधरा वर्षं घेतलं नाहीत.

खारूताई_सिंहगडरोड
नाना... (नव्हे)... डोळे पाणावले आणि शेवटच्या ओळीला हसले.

शकूआजी_औंध
मशीन कुठून घेतलं? यांना हवंय, पण पटत नाही त्यांना.

निवृत्त_नाना_नव्हे
खासगी निरोप पाठवतो आजी. त्यांना आधी दरीत न्या.

नवीन_भाडेकरू
येत्या रविवारी भिगवणला गेलं तर रोहित दिसतील का? मुलांना सुट्टी आहे म्हणून.

अर्धवट_पक्षीतज्ज्ञ
दिवाळीत घाई होईल. धरण तुडुंब असलं की उथळ चिखल मिळत नाही, रोहित उशिरा येतात. जानेवारी-फेब्रुवारी धरा. आत्ता मुलांना न्यायचंच असेल तर लोणीजवळ कवडीपाट. पाण्याला वास आहे, कचरा आहे, सगळं शहर वाहून येतं तिथे. तरी बंधाऱ्याच्या दगडावर शेराट्या (लांब वाकड्या चोचीचे पक्षी) उभ्या असतात, आणि चक्रवाकही यायला लागतात. @टेकडीवाला, तुझा राहिलेला चक्रवाक तिथे फुकट, चिलापीशिवाय.

टेकडीवाला
मग विचार करावा लागेल.

मुठाकाठची
आत्ता आले बोहरी आळीतून. दुकानदाराने उसासा टाकलाच. रिंग दहा रुपये. घरी येऊन लेकीने थर्मासात चहा भरला, आडवा करून बघितला. गळतोय, पण थोडासाच. आता तीच म्हणतेय कवडीपाटला हा न्यायचा.

रविवारी सहाला निघतोय, कर्वे पुतळ्याजवळून. कोणी येणार असेल तर कप आपापले आणा.

सुलूमावशी
मी येते. यांना साडेपाचचं सांगते, म्हणजे सहाला तयार होतील.