मदत हवी आहे: आलेखाखाली स्रोत दिलाय तरी मॅडम परत पाठवतायत

चिंचेचापार: एमएच्या लघुशोधप्रबंधात मुलींच्या घटत्या प्रमाणावर एक प्रकरण आहे. गाईड मॅडमनी आलेखाला लाल पेनाने गोल करून 'हा कुणाचा?' लिहून परत दिलंय. खाली नाव दिलंय की मी! सोमवारी बाइंडिंगला टाकायचंय, पटकन सांगा.

रानवारा: कुणाचं नाव दिलंय? आलेख तू काढलास की कुठून उचललास?

गोदाकाठ: एवढं काय त्यात, एक्सेलमध्ये नवा काढ, रंग बदल, विषय संपला. मी एमकॉमला तेच केलं होतं.

पाटीपेन्सिल: रंग बदलले म्हणून आकडे आपले होत नाहीत हो. ज्यांनी गोळा केले त्यांचं नाव लागतंच.

जुनामास्तर: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, घाबरू नका. आणि चित्रातला मजकूर चोरी पकडणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा वाचत नाही.

रानवारा: काका, टक्केवारी तिने विचारलीच नाहीये. सॉफ्टवेअरला नाही दिसलं तरी मॅडमना दिसलं ना.

चिंचेचापार: सॉरी, लिहायचं राहिलं. पेपरच्या वेबसाईटवरच्या बातमीतला स्क्रीनशॉट आहे, त्याखाली 'स्रोत: जनगणना २०११' होतं तेच मी टाकलं. महाराष्ट्र, ० ते ६ वयोगट, हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३, २०११ ला ८८३.

पाटीपेन्सिल: अगं इथेच घोळ आहे. ८८३ हा तात्पुरता आकडा होता, अंतिम ८९४ आहे. बातमी त्याच्या आधीची असणार. जनगणनेचा तक्ता तू उघडलाच नाहीस आणि नाव मात्र जनगणनेचं दिलंस, आणि आलेख पेपरवाल्यांनी काढला त्यांचा उल्लेखच नाही. जनगणनेच्या साईटवरून प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट (अंतिम आकड्यांचा तक्ता) काढ, स्वतः आलेख कर आणि खाली लिही, 'स्रोत: भारताची जनगणना २००१ व २०११, आलेख: संशोधक'.

गोदाकाठ: म्हणजे शेवटी एक्सेलच ना, मी काय वेगळं म्हणत होतो.

पाटीपेन्सिल: स्रोताचं तुम्ही बोललाच नव्हतात.

भाकरवडी: एक्सेलमध्ये मराठी अक्षरं चौकोन चौकोन दिसली तर मंगल फॉन्ट घ्या, माझे दोन दिवस त्यातच गेले होते.

चिंचेचापार: ८९४ सापडला. पण प्रकरणात तीन ठिकाणी '३० ने घट' लिहिलंय ते आता १९ होतंय, निष्कर्षाचा अख्खा परिच्छेद बदलावा लागणार. मॅडमकडे दोन दिवस मागून घेते. संदर्भसूचीत ती बातमी ठेवू की काढू?

पाटीपेन्सिल: त्यातलं एक वाक्य जरी घेतलं असशील तर ठेव.

चिंचेचापार: दोन घेतलीयेत. ठेवते.