चौल कुणी बुडवलं? पोर्तुगीजांनी, मुंबईनं की कुंडलिकेच्या गाळानं?

अष्टागरकर
अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या, म्हणजे जुन्या चौल बंदराच्या, सहलीवरचे लेख वाचले की एक गोष्ट दर वेळी खटकते. सातखणी मनोऱ्याचा फोटो, दरवाजावरचं पोर्तुगीज राजचिन्ह आणि सोबत वाक्य: 'पोर्तुगीजांनी वसवलेलं बंदर'. वसवलेलं? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणच्या पाठोपाठ चौल येतं. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुलचे, म्हणजे चौलचे, दाते आहेत. इ.स. ९१६च्या सुमारास, शिलाहार राजा झंझ याच्या काळात, अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले मिळून सुमारे १० हजार मुसलमान इथे राहतात आणि त्यांचे तंटे मिटवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. १४६९च्या आसपास रशियाचा अफनासी निकितीन घोडा विकायला याच किनाऱ्यावर उतरला, तेव्हा राज्य बहमनींचं होतं.

शिलाहार गेले, यादव आले, मग बहमनी, मग निजामशाही. गाव चालूच राहिलं, कारण यातल्या प्रत्येकाला जकात हवी होती, समुद्र नको होता. पोर्तुगीजांनी समुद्रच ताब्यात घेतला. त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, नसेल तर गलबत पकडायचं, माल जप्त करायचा. माझं ठाम मत आहे की चौलचा घात तिथे झाला.

खाडीवाला
अजिबात सहमत नाही. ज्या पेरिप्लसचा दाखला देताय, त्यातच चौलच्या आधीचं वाक्य वाचा. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे व्यापाऱ्याचं जहाज अडवणं पोर्तुगीजांनी शोधून काढलं नाही.

दुसरं, ते इथे फक्त तलवार घेऊन घुसले असं नाही. १५०८मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराचा सरदार लॉरेन्सो द आल्मेदा मारला गेला, इजिप्तच्या मामलुक आरमारानं आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझनं मिळून मारला. एवढं होऊनही पुढे बुऱ्हाण निजामशहानं १५२१मध्ये त्यांना किल्ला बांधायला परवानगी दिली. का? घोडे हवे होते म्हणून. दख्खनच्या सुलतानांचं घोडदळ समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांवर उभं होतं. तो सौदा दोघांच्या फायद्याचा होता, आणि त्यानंतर शंभरेक वर्षं चौल रेशमासाठी, सुती कापडासाठी गाजत होतं. मरणारं शहर असं विणत नाही.

अष्टागरकर
@खाडीवाला, कल्याणचं उदाहरण एका बंदराचं आणि दोन राजांच्या भांडणाचं आहे. कार्ताझ अख्ख्या अरबी समुद्राला लागू होता! कुठून निघायचं, कुठे जायचं, काय न्यायचं, सगळं त्यांना विचारून. त्यातून चौलची भरभराट झाली ती त्यांच्या मर्जीनं. सौदा एवढा गोड होता तर १५७०मध्ये मुर्तजा निजामशहानं किल्ल्याला वेढा का घातला? त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. एकमेकांचे वैरी एकत्र आले, म्हणजे जाच केवढा असेल.

खाडीवाला
आणि १५७१मध्ये तह करून पुन्हा व्यापार सुरू केला, तेही सांगा की.

शुभदा_चौल
माहेर चौलचं, म्हणून लिहिते. तुम्ही दोघंही एकाच चौलबद्दल बोलताय, पण चौलं दोन होती. रेवदंडा हे खालचं चौल, पोर्तुगीजांचं. वरचं चौल निजामशाहीचं, पेठांचं, हमामखान्याचं, रामेश्वराचं. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड आहेत. पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची प्रथा आहे. हे गाव शेतीवर, बागायतीच्या वाड्यांवरही जगत होतं, नुसत्या जहाजांवर नाही. म्हणून बंदर गेलं तरी गाव उठलं नाही. रेवदंड्याच्या तटाच्या आतही आज नारळ-पोफळीच्या बागाच आहेत. समोर कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घरात बोलतात. ती माणसंही चौलचीच, त्यांना परकं ठरवून इतिहास लिहू नका.

आणि गाळाचं कुणी बोलतच नाही. ओहोटीला कुंडलिका नदीच्या मुखाशी उभं राहून बघा. मोठ्या जहाजांना असली खाडी काय कामाची?

खाडीवाला
शुभदाताई, अगदी बरोबर. त्यात मुंबईची भर. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालनं मुंबई इंग्लंडला दिली, १६६८मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. खोल पाणी, राखलेलं बंदर, व्यापाऱ्यांना सवलती. चौलचे विणकरही तिकडे गेले. इथे दोष द्यायचाच तर तो मुंबईच्या गोदीला द्या.

अष्टागरकरांना एकच प्रश्न. वसई १७३९मध्ये पडली आणि १७४०च्या तहानं चौल मराठ्यांकडे आलं. कार्ताझवाले गेले. मग बंदर पुन्हा उभं का राहिलं नाही?

अष्टागरकर
कारण तोवर सव्वादोनशे वर्षं इथल्या व्यापाऱ्याला स्वतःचं लांब पल्ल्याचं जहाज बाळगणं धोक्याचं करून ठेवलं होतं. होर्मुझ, एडनशी असलेला थेट संबंध एकदा तुटला की किल्ल्यावरचा झेंडा बदलून तो परत जुळत नाही. विणकर मुंबईला गेले हे मान्य, पण ते आधी कुणाच्या परवान्यावर जगत होते? गाळ अल्-मसूदीच्या काळातही येत असणारच. तेव्हा त्या गाळातूनही बगदादचा माणूस इथे येऊन घर करत होता.